रक्तदाबाच्या मुळाशी दडलेली गाठ

आमच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, विभागवार कामकाज आणि देणगीदारांची नामावली यांबरोबरच एखाद्या आजाराची सविस्तर ओळख करून देण्याचा प्रघात आहे. मधुमेह, क्षयरोग, काचबिंदू, सर्पदंश असे नित्य भेटणारे विषय आजवर या पानांवर येऊन गेले. यंदा मात्र आम्ही जाणीवपूर्वक एक अतिशय दुर्मिळ आजार निवडला आहे. जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात ज्याचे जेमतेम दोनशेच्या आसपास रुग्ण नोंदले गेले आहेत, अशा आजारासाठी अहवालाची एवढी पाने का खर्च करावीत, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही निघाला. प्रश्न रास्त होता. त्यावर आमचे म्हणणे असे की, आजार दुर्मिळ असला तरी त्याच्याकडे जाणारी वाट रोजच्या बाह्यरुग्ण विभागातूनच जाते. आणि ती वाट आम्ही स्वतः एकदा चुकलो होतो.

एक वीस वर्षांची मुलगी आमच्या नेत्र विभागात आली, तेथून ही हकीकत सुरू होते. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) वडील सूतगिरणीत कामाला, आई घरी शिवणकाम करणारी, मुलगी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपासून तिचे डोके दुखत असे. प्रथम चष्म्याचा नंबर वाढला म्हणून दोनदा चष्मा बदलला. मग अर्धशिशी म्हणून गोळ्या झाल्या. मग परीक्षेचा ताण म्हणून समजूत घालण्यात आली. मधल्या काळात तिला तहान फार लागू लागली, रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठावे लागे आणि जिना चढताना पायांत बळ नसल्यासारखे वाटे. हा अशक्तपणा मानून गावात दोन वेळा सलाइन लावून झाले. आमच्याकडे ती आली ती फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात म्हणून.

आमच्या नेत्रतज्ज्ञ भगिनींनी बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहिले. दोन्ही डोळ्यांत ठिकठिकाणी रक्तस्रावाचे ठिपके होते आणि दृष्टिचेतेच्या मुखाशी सूज होती. त्यांनी एवढेच विचारले, "बाळ, बीपी कधी तपासलंय का गं?" मुलीने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "एवढ्या लहान पोरीला कुठलं आलंय बीपी, बाई?" रक्तदाब मोजला तेव्हा पारा २३०/१४० वर होता. यंत्र बिघडले असावे असे वाटून दुसऱ्या यंत्राने, दुसऱ्या हातावर मोजला. आकडा तोच आला.

त्याच दिवशी तिला अतिदक्षता विभागात दाखल केले. जुनी कागदपत्रे चाळताना तिच्या आईच्या पिशवीतून आमच्याच रुग्णालयाचा एक केसपेपर निघाला. अकरा महिन्यांपूर्वी ती ताप-खोकल्यासाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन गेली होती. वजन लिहिले होते, ताप लिहिला होता. रक्तदाबाची चौकट रिकामी होती.

ही चूक लपवण्यासारखी नाही म्हणून येथे लिहिली आहे. गर्दीच्या दिवशी तरुण माणसाचा रक्तदाब मोजण्याचे राहून जाते, कारण 'एवढ्या लहान पोरीला कुठलं बीपी' ही समजूत केवळ त्या माउलीची नाही, ती आम्हा वैद्यकीय मंडळींच्या मनातही खोलवर रुजलेली आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळून मूत्र तयार करणारा अवयव, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु मूत्रपिंड हा शरीरातील रक्तदाबाचा पहारेकरीही आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणून सोडणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत, अगदी गाळणीच्या उंबरठ्याशी, काही विशेष पेशी बसलेल्या असतात. धमनीतील दाब कमी झाला की या पेशींना तो जाणवतो आणि त्या 'रेनिन' नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. यकृताने तयार केलेल्या एका प्रथिनाचा तुकडा ते कापून काढते. तो तुकडा रक्ताबरोबर फिरत असताना, विशेषतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये, आणखी एकदा कापला जातो आणि त्यातून 'अँजिओटेन्सिन' हे अत्यंत प्रभावी संप्रेरक सिद्ध होते. ते दोन कामे करते. सर्व शरीरातील बारीक धमन्या आवळते आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना 'अल्डोस्टेरॉन' सोडण्याचा हुकूम देते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाकरवी मीठ आणि पाणी शरीरात राखून ठेवते, आणि त्या बदल्यात पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर जाऊ देते.

अतिसार झाला, रक्तस्राव झाला, उन्हात काम करून अंगातले पाणी आटले, की हीच साखळी आपला जीव वाचवते. दाब पूर्ववत झाला की पहारेकरी पेशी शांत होतात. शेतातल्या पाटाला पाणी कमी पडले की मोटार चालू करावी आणि पाट भरला की बंद करावी, तसा हा व्यवहार आहे. आता अशी कल्पना करावी की मोटारीचे बटण अडकले आहे. पाट भरून वाहू लागला, बांध फुटले, तरी मोटार चालूच.

क्वचित प्रसंगी या पहारेकरी पेशींपैकीच एखादी पेशी बेबंद वाढू लागते आणि तिची गाठ बनते. या गाठीला वैद्यकात 'रेनिनोमा' असे म्हणतात. गाठ बहुधा लहान असते. पुष्कळदा ३ सेंटिमीटरपेक्षाही कमी. ती दुखत नाही, लघवीतून रक्त जात नाही, पोटाला हात लावून लागत नाही. ती करते ते एकच काम: रात्रंदिवस, कोणाचाही हुकूम नसताना, रेनिन सोडत राहते. मग पुढची सारी साखळी आपोआप चालू राहते. रक्तदाब चढतो, अल्डोस्टेरॉन वाढते, पोटॅशियम उतरते. आमच्या रुग्णाची तहान, रात्रीची लघवी आणि पायांतील अशक्तपणा ही सारी लक्षणे उतरलेल्या पोटॅशियमची होती. पहिल्याच तपासणीत ते २.६ निघाले, ते ३.५ च्या वर असावयास हवे. सलाइनने तिला बरे वाटले नाही यात नवल नाही. अंगात आधीच साठलेल्या मिठात त्याने भरच पडली असणार.

हा आजार बहुतांशी पौगंडावस्थेतील मुलामुलींना आणि विशी-तिशीतील तरुणांना होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. म्हणजे ज्या वयात रक्तदाब मोजण्याचे कोणाच्या मनात येत नाही, नेमक्या त्याच वयात.

या शोधाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. मूत्रपिंडात रक्तदाब वाढवणारे काही द्रव्य आहे, हे सर्वप्रथम दाखवले ते रॉबर्ट टिगरस्टेट या फिनलंडच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेत. त्याने आणि त्याचा सहकारी पेर बर्गमान याने सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला आणि रक्तदाब चढताना पाहिला. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनीच या द्रव्याला 'रेनिन' हे नाव दिले. पुढे जवळपास चार दशके या निबंधाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९३४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्याने अरुंद केली, तेव्हा त्या प्राण्यांचा रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. मग सर्वांना टिगरस्टेटची आठवण झाली. थोड्याच वर्षांत अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील दोन गटांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, अँजिओटेन्सिन शोधून काढले. दोघांनी त्याला निरनिराळी नावे दिली होती; १९५८ साली समझोता होऊन दोन्ही नावांचे अर्धे-अर्धे भाग जोडून आजचे नाव ठरले. शास्त्रज्ञांतील वाद इतक्या सामोपचाराने मिटल्याची उदाहरणे फार नाहीत.

रेनिन सोडणारी गाठ प्रत्यक्ष माणसात असू शकते, हे १९६७ साली इंग्लंडमधील रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवले. पुढच्याच वर्षी जपानमधील किहारा यांच्या गटाने असाच रुग्ण वर्णन करून ती गाठ नेमकी कोणत्या पेशींची आहे हे नावानिशी सांगितले. गेल्या काही वर्षांत या गाठीच्या जनुकांचाही अभ्यास झाला असून, २०२३ साली इंग्लंडमधील संशोधकांनी अशा गाठींत 'नॉच-१' या जनुकाची मोडतोड झालेली आढळल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे पेशीतील बटण कोठे अडकते, याचाही सुगावा आता लागू लागला आहे.

आता प्रश्न येतो तो निदानाचा, आणि येथेच खरी कसोटी असते. रक्तदाब हा आपल्याकडे काही दुर्मिळ आजार नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांत २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के जणांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसून आले. त्यांतील बहुसंख्यांच्या बाबतीत एक ठराविक कारण दाखवता येत नाही. आनुवंशिकता, वय, मीठ, वजन, तंबाखू, बैठी राहणी अशा अनेक गोष्टी मिळून तो होतो आणि नियमित औषधांनी तो आटोक्यात राहतो. अशा प्रत्येकाच्या मूत्रपिंडात गाठ शोधत बसणे हा निव्वळ पैशाचा आणि क्ष-किरणांचा अपव्यय होईल. हा लेख वाचून उद्या कोणी साठ वर्षांचे काका 'माझाही स्कॅन करा' म्हणत आले, तर आम्ही त्यांना चहा पाजून, औषधाच्या गोळ्या वेळेवर घेण्यास सांगून परत पाठवू.

परंतु काही वेळा थांबून विचार करावाच लागतो. तिशीच्या आतील व्यक्तीला, घरात कोणाला रक्तदाब नसताना आणि वजनही बेताचे असताना तीव्र रक्तदाब असणे. लघवी वाढवणाऱ्या औषधासह तीन-तीन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही दाब न उतरणे. तसे औषध चालू नसताना पोटॅशियम कमी असणे. किंवा वर्षानुवर्षे ठीक असलेला रक्तदाब अचानक भडकणे. अशा वेळी रक्तदाब हा आजार नसून दुसऱ्याच आजाराचा निरोप असू शकतो.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत पहिला संशय गाठीचा नव्हताच. आपल्या देशातील तरुण स्त्रियांत असा रक्तदाब दिसला की मनात प्रथम येतो तो ताकायासूचा आजार. ज्या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ साली त्याचे वर्णन केले, त्याचेच नाव या आजाराला मिळाले आहे. यात महाधमनीला आणि तिच्या मोठ्या शाखांना सूज येते, मूत्रपिंडाची धमनी अरुंद होते आणि गोल्डब्लाटच्या कुत्र्यांप्रमाणेच रक्तदाब चढतो. म्हणून तिच्या दोन्ही हातांच्या, मानेच्या आणि पायांच्या नाड्या पाहिल्या. सर्व समान आणि भरीव होत्या. पोटावर आणि मानेवर स्टेथोस्कोप ठेवून घरघर ऐकू येते का ते पाहिले, आली नाही. डॉप्लर तपासणीत मूत्रपिंडांच्या धमन्या मोकळ्या दिसल्या. सोनोग्राफीचा अहवालही 'दोन्ही मूत्रपिंडे सामान्य' असाच आला. क्रिएटिनीन सामान्य होते. अधिवृक्क ग्रंथीतील अॅड्रिनॅलिन सोडणाऱ्या गाठीसाठी मूत्राची तपासणी केली, तीही निर्दोष निघाली.

सोनोग्राफी निर्दोष आल्यावर घरच्यांना हायसे वाटले आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी काहींनाही. गोळ्यांनी दाब १७० च्या खाली आला होता. येथेच थांबून औषधे लिहून तिला घरी पाठवणे सोपे होते. आमच्या औषधवैद्यकशास्त्र विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र पोटॅशियमच्या आकड्यावरून बोट हलू दिले नाही. त्यांचे म्हणणे होते, या पोटॅशियमचा हिशोब लागत नाही तोवर प्रकरण मिटले म्हणता येणार नाही.

रेनिन आणि अल्डोस्टेरॉन यांची रक्ततपासणी ही ऐकण्यास सोपी, पण करण्यास कटकटीची. रक्तदाबाची पुष्कळशी औषधे या दोन्ही आकड्यांत ढवळाढवळ करतात. काही रेनिन वाढवतात, काही ते दाबून टाकतात. म्हणून सुमारे दोन आठवडे तिला रेनिनवर कमीत कमी परिणाम करणाऱ्या औषधांवर ठेवावे लागले, आणि एवढ्या तीव्र रक्तदाबाच्या रुग्णाला घरी ठेवून हे करणे धोक्याचे असल्याने ती तेवढे दिवस वॉर्डातच राहिली. पोटॅशियमही औषधाने भरून काढले, कारण ते कमी असताना अल्डोस्टेरॉनचा आकडा फसवा येतो. आमचा पहिला नमुना वाया गेला, तोही उत्साहापोटी. रक्ताचा नमुना बर्फात ठेवला की सुरक्षित राहतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. रेनिनच्या बाबतीत ती घातक ठरते; थंडीत रक्तातील निष्क्रिय पूर्वद्रव्याचे सक्रिय रेनिनमध्ये रूपांतर होऊ लागते आणि खोटाच मोठा आकडा येतो. रक्तद्रव वेगळा करेपर्यंत नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवावा आणि मग एकदम गोठवावा, हा धडा आमच्या प्रयोगशाळेने त्या दिवशी घेतला. दुसरा नमुना रीतसर मुंबईला गेला.

अहवाल आला. अल्डोस्टेरॉन वाढलेले होते आणि रेनिन सामान्य मर्यादेच्या अनेक पटींनी. या जोडीला फार महत्त्व आहे. केवळ अधिवृक्क ग्रंथी बिघडली असती, तर अल्डोस्टेरॉन उंच आणि रेनिन खाली दबलेले दिसले असते. दोन्ही उंच असल्याने बिघाडाचे मूळ मूत्रपिंडाकडे असल्याचे दिसत होते. अर्थात तेवढ्याने गाठ सिद्ध होत नाही. अतितीव्र रक्तदाबाने मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांना इजा झाली तरी रेनिन वाढते, आणि धमनी अरुंद असली तरीही वाढते. म्हणून मग शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन केला. धमन्या पुन्हा मोकळ्याच दिसल्या. परंतु उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला, कडेच्या भागात, सुमारे २ सेंटिमीटरची, मोठ्या बोराएवढी एक भरीव गाठ होती. भोवतालच्या मूत्रपिंडात औषध चटकन भरत होते, गाठीत ते मंदपणे उतरत होते. सोनोग्राफीत ती भोवतालच्या भागाशी एकरूप दिसल्याने निसटली होती. यात सोनोग्राफी करणाऱ्याचा दोष नाही. या गाठींची ती रीतच आहे.

येथे काही वाचकांच्या मनात येईल, सुई घालून गाठीचा तुकडा तपासला का? नाही. तसेच दोन्ही मूत्रपिंडांच्या शिरांमधून स्वतंत्रपणे रक्त घेऊन कोणत्या बाजूने रेनिन अधिक येते हे पाहण्याची तपासणीही असते. गाठ दिसत नसेल किंवा संशय असेल तेव्हा ती उपयोगी पडते, पण तिचे उत्तर दर वेळी खात्रीचे नसते. आम्ही मूत्रशल्यतज्ज्ञांशी बसून विचार केला. मूत्रपिंडातील भरीव गाठ ही कर्करोगाचीही असू शकते. क्वचित मूत्रपिंडाचे कर्करोग, आणि लहान मुलांतील विल्म्सची गाठ, हेसुद्धा रेनिन सोडून रक्तदाब वाढवतात. तेव्हा नाव काहीही निघो, गाठ काढावयाची हे ठरलेलेच होते. प्रश्न उरला तो मूत्रपिंड सबंध काढायचे की केवळ गाठ. पूर्वीच्या काळी सबंध मूत्रपिंड काढले जाई. वीस वर्षांच्या मुलीचे निरोगी मूत्रपिंड बोराएवढ्या गाठीसाठी गमावणे आम्हा कोणालाच पटेना.

घरच्यांना हे समजावणे शस्त्रक्रियेहून अवघड गेले. वडिलांनी पहिला प्रश्न केला तो असा: "डॉक्टरसाहेब, पोरीच्या पोटाला टाका पडला तर उद्या लग्नाचं काय? गोळ्यांवर नाही का भागणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोळ्यांवर भागते, काही काळ. रेनिनच्या साखळीलाच अडवणारी अत्यंत गुणकारी औषधे आज उपलब्ध आहेत. त्यांतील पहिले तोंडाने घेण्याचे औषध कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून निघाले आणि १९८१ साली अमेरिकेत वापरास मान्य झाले. या गाठीच्या रुग्णांत ती औषधे चांगला गुण देतात. परंतु ती जन्मभर घ्यावी लागली असती आणि गरोदरपणात ती चालत नाहीत, गर्भाला अपाय करतात. औषध बंद केले तर रक्तदाब उसळणार, चालू ठेवले तर बाळाला धोका. आमच्या समाजसेवा विभागातील ताईंनी आईला बाजूला घेऊन हे त्यांच्या भाषेत सांगितले. दुसऱ्या दिवशी आईनेच संमतिपत्रावर सही केली. वडिलांनी तिच्याखाली केली.

खर्चाची बाजूही नमूद करणे आवश्यक आहे, कारण हा अहवाल देणगीदारांसाठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ सालच्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या मुलीचा वॉर्डातील मुक्काम, स्कॅन, शस्त्रक्रिया आणि मुंबईची तपासणी (वाया गेलेल्या नमुन्यासह) यांचा भार याच निधीने आणि आपणांपैकी काहींनी दिलेल्या देणगीने उचलला.

शस्त्रक्रिया कुशीतून केली. मूत्रपिंडाची धमनी काही मिनिटे चिमट्याने बंद ठेवून, भोवतालच्या निरोगी भागाची पातळ कड घेऊन गाठ अखंड काढण्यात आली. भूलतज्ज्ञांची त्या दिवशी दुहेरी धावपळ होती. गाठ हाताळताना दाब वर जाण्याची भीती आणि ती सुटल्यावर एकदम खाली घसरण्याची. सुदैवाने दोन्ही गोष्टी बेतात राहिल्या. रक्तातील रेनिन अल्पायुषी असते, स्रोत गेला की काही तासांत ओसरते. त्याच संध्याकाळी औषधे कमी करावी लागली. तिसऱ्या दिवशी, एकही गोळी चालू नसताना, रक्तदाब १२४/८० होता. पोटॅशियम कोणत्याही पूरक औषधाविना सामान्य पातळीवर स्थिरावले. विकृतिशास्त्र विभागाच्या अहवालात गाठीच्या पेशींत रेनिन असल्याचे विशेष रंजनाने दिसून आले आणि निदान पक्के झाले. या गाठी जवळजवळ नेहमीच सौम्य असतात. शरीरात अन्यत्र पसरल्याची उदाहरणे अगदी विरळा आहेत. तरीही काही वर्षे ठराविक अंतराने तपासणी करीत राहावे, असे आमचे मत आहे.

सर्वच रुग्णांत शेवट इतका चोख होत नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. रक्तदाब फार वर्षे चढलेला राहिला असेल तर धमन्यांच्या भिंती जाड होऊन बसतात आणि गाठ गेल्यावरही थोडाफार दाब उरतो. आमच्या रुग्णालाही विलंबाची किंमत मोजावी लागली. दृष्टिचेतेवरील सूज उतरली, डावा डोळा पूर्ववत झाला, पण उजव्या डोळ्याच्या मध्यभागी एक पुसट डाग राहून गेला आहे. बारीक अक्षर वाचताना तो तिला जाणवतो. अकरा महिने आधी ती रिकामी चौकट भरली गेली असती तर तो राहिला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. आम्ही मात्र तो प्रश्न विसरू शकलेलो नाही.

या प्रकरणानंतर बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरात एक छोटा बदल केला आहे. रक्तदाबाची चौकट पूर्वी तळाशी होती, ती आता नावाच्या लगेच खाली छापली जाते आणि ती भरल्याशिवाय कागद डॉक्टरांच्या मेजावर जात नाही, मग रुग्ण कोणत्याही वयाचा आणि कोणत्याही तक्रारीचा असो. बालरुग्ण विभागासाठी लहान पट्टे घेतले आहेत. पट्ट्याचे माप चुकले तर आकडाही चुकतो: जाड दंडावर अरुंद पट्टा बांधला की दाब खोटाच जास्त दिसतो, आणि काटकुळ्या दंडावर मोठा पट्टा बांधला की खरा वाढलेला दाबही लपून राहतो. तीन वर्षांवरील मुलांचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा, अशी शिफारस अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली केली आहे. आमच्या शालेय आरोग्य तपासणीत वजन-उंचीबरोबर आता हाही रकाना आहे. परिचारिकांना वेळ थोडा अधिक लागतो आणि त्याबद्दल त्यांची कुरकुरही असते, ती रास्त आहे. येत्या वर्षी बाह्यरुग्ण विभागात आणखी एका परिचारिकेची नेमणूक करण्याचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवला आहे.

मुलगी पदवी परीक्षा उत्तीर्ण झाली असून ठरलेल्या तारखांना तपासणीसाठी येते. मागील भेटीत तिचा रक्तदाब, कोणतेही औषध चालू नसताना, ११८/७६ होता. पोटॅशियम ४.२. पुढील स्कॅन दिवाळीनंतर ठरला आहे.